एका ओळीची खिडकी

पांझराकाठ विधिज्ञ मंडळाच्या ग्रंथालयात खुर्च्या सत्तावीस होत्या, आणि त्यांतल्या एकीवरही भिकन बाविस्कर चोवीस वर्षांत कधी बसला नव्हता. दाराजवळच्या टेबलामागे त्याचं आपलं एक लाकडी स्टूल होतं. त्याचा एक पाय आखूड, त्याखाली जुन्या कॅलेंडरची घडी. खुर्च्या वकिलांच्या आणि स्टूल नोकराचं, असं कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. पण देवळाच्या पायरीशी चप्पल काढावी तितक्या सहज ते सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून सत्त्याऐंशी सालच्या जूनमध्ये नवे अध्यक्ष निवडून आले आणि पहिल्याच सोमवारी त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात करून "भिकनभाऊ, बसा" म्हटलं, तेव्हा भिकनने मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, मागून कुणी वकील येत असेल.

"तुम्हालाच म्हणतोय," छाजेड वकील म्हणाले. "आणि मगन, तूही बस."

मगन मंडळाचा शिपाई. चाळिशीचा, तोंडाने फटकळ. तो खुर्ची दोनदा हलवून बघत म्हणाला, "बसतो साहेब, पण मोडली तर माझ्या नावावर टाकू नका. या खुर्चीला वकिलांची सवय आहे, माणसांची नाही."

छाजेड मोठ्याने हसले. भिकन मात्र हसला नाही. तो खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला होता, एसटीत चौथ्या सीटवर टेकतात तसा, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

सुगनचंद छाजेड पंचेचाळिशीचे. वडिलांचं धुळ्यात कापडाचं दुकान होतं. गादीवर बसायचं सोडून पोराने काळा कोट चढवला म्हणून वडील दोन वर्षं नीट बोलले नव्हते म्हणतात. आता धुळे जिल्ह्यात दिवाणी खटला म्हटला की दोनांतल्या एका बाजूला छाजेड असायचेच. आवाज खर्जातला, चाल घाईची. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी ठरवलं, दर सोमवारी कोर्ट भरण्याआधी दहा मिनिटं नोकर माणसांबरोबर चहा घ्यायचा. "काय अडतं ते आधी तुम्ही सांगायचं," ते म्हणाले. "माझं काय असेल ते शेवटी."

पहिल्या सोमवारी कुणी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या सोमवारी मगनने चहाचा घोट घेत घेत सांगून टाकलं, की काही सभासद त्याला घरच्या भाजीला पाठवतात, एका साहेबांच्या म्हशीला तर तो तीन वेळा जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला आहे. "म्हैस मला आता ओळखते साहेब. साहेब ओळखत नाहीत."

तिसऱ्या दिवशी फलकावर कागद लागला. छाजेडांच्या सहीचा, दोन ओळींचा: मंडळाचे कर्मचारी मंडळाचे आहेत, कुणा एका सभासदाचे नाहीत. घरची कामे सांगू नयेत.

वकिलांच्या बारमध्ये आठ दिवस कुरकूर झाली. म्हशीच्या मालकांनी छाजेडांशी बोलणं सोडलं. पण कागद राहिला. भिकन येता-जाता तो वाचायचा. चोवीस वर्षांत त्याने एकोणीस अध्यक्ष पाहिले होते. कुणी चांगले, कुणी तापट, कुणी नुसतेच मोठे. असा कागद लावणारा हा पहिलाच. त्याला छाजेडांबद्दल जे वाटायचं ते तो कुणाला बोलून दाखवणाऱ्यांतला नव्हता, पण सोमवारी तो इस्त्रीचा सदरा घालून यायला लागला होता.

भिकनची नोकरी ही एका कागदाची नोकरी होती. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मंडळाची वार्षिक सभा व्हायची, आणि सभा संपल्यावर अध्यक्ष एका पत्रावर सही करायचे: श्री. भिकन सोनू बाविस्कर यांना आणखी एक वर्षाची मुदतवाढ देण्यात येत आहे. अशी चोवीस पत्रं त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत होती. शिपाई म्हणून लागला, मग कपाटं पुसता पुसता पुस्तकं ओळखायला लागला, मग पुस्तकं देता-घेता ग्रंथपालच झाला. पत्रातला मजकूर मात्र तोच राहिला. सप्टेंबर उजाडला की त्याची झोप उडायची. अध्यक्ष चिडेल असं काही आपल्या हातून वर्षभरात झालं का, हे तो महिना महिना आठवत बसायचा.

यंदा छाजेडांनीच सोमवारच्या चहाला विषय काढला. "दरवर्षी मुदतवाढ? तुम्ही काय भाड्याची सायकल आहात? या सभेत कायमचा ठराव आणतो."

ठराव येणार म्हटल्यावर विरोधही आला. उपाध्यक्ष रतिलाल वकिलांचं म्हणणं होतं, एवढं मोठं ग्रंथालय, चार हजार पुस्तकं, आणि ग्रंथपाल नुसता मॅट्रिक. पदवी घेतलेला माणूस नेमावा, रीतसर सूची करून घ्यावी. वाईट बुद्धीने बोलत नव्हते ते. भिकनने हे दाराआडून ऐकलं आणि त्याला मनातून वाटलं, खरंच आहे की. आपल्याला पुस्तक कुठे आहे ते ठाऊक असतं, पण का तिथे आहे ते विचारलं तर काय सांगणार? असा स्वतःवरच संशय घ्यायची त्याला सवय होती. कुलूप लावून चार पावलं गेला की परत येऊन ओढून बघायचा.

एका गोष्टीत मात्र त्याला कधी संशय आला नव्हता. ती गोष्ट म्हणजे पुठ्ठा.

ग्रंथालयातून कुणी निवाड्यांचा खंड नेला की देवघेवीच्या रजिस्टरात तारीख, पुस्तक आणि सही. आता वकिलांचं जग असं, की समोरच्याने कोणता खंड नेला हे कळलं तर तो उद्या कोर्टात काय बोलणार तेही कळलं. पत्त्यांच्या डावात मागे उभं राहून पानं बघावीत तसं. एकोणसत्तर साली दोन वकिलांत त्यावरून जुंपली होती. एकाने सही करता करता वरची ओळ वाचली, दुसऱ्याला लागणारा पुढचा खंड आधीच उचलून घरी नेला, आणि कोर्टात त्याला तोंडघशी पाडलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात शाईची दौत उडाली. तो निळा डाग भिंतीवर अजून होता. त्या वेळचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, ते भिकनला म्हणाले, "काहीतरी कर रे बाबा. आज दौत उडाली, उद्या खुर्ची उडेल."

भिकनने रात्रभर विचार केला आणि सकाळी जुन्या फायलीचा पुठ्ठा घेऊन त्यात कात्रीने एक फट कापली. बरोबर एका ओळीएवढी. पुठ्ठा पानावर ठेवायचा, ज्याची त्याची ओळ फटीत आणायची, सही घ्यायची. वरचं झाकलेलं, खालचं झाकलेलं. नानांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "भिकन, तू तर एका ओळीची खिडकी केलीस!"

अठरा वर्षांत सहा पुठ्ठे झिजले. नियम कुठे लिहिलेला नव्हता. भिकन पुठ्ठा धरायचा, एवढंच.

सभेच्या आधीच्या मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला कोर्टं चालू होती आणि ग्रंथालय रिकामं होतं. भिकन फाटलेल्या खंडाच्या पाठीला खळ लावत होता. छाजेड आले. एकटे. कोट हातावर, कपाळाला आठ्या.

परवा गुरुवारी त्यांचा एक मोठा युक्तिवाद होता, हे भिकनला ठाऊक होतं. सगळ्या बारला ठाऊक होतं. शिरपूरच्या बाजूला कापसाच्या एका जिनिंगवाल्याने चाळीस वर्षांच्या वहिवाटीच्या रस्त्यावर लोखंडी फाटक बसवलं होतं, आणि पलीकडच्या शेतकऱ्यांना बैलगाडी दोन मैल वळवून न्यावी लागत होती. जिनिंगवाल्याकडून छाजेड. शेतकऱ्यांकडून प्रमिलाबाई देवरे. बत्तीस वर्षांची बाई, शिंदखेड्याहून रोज एसटीने येणारी. तिच्याकडे घरी पुस्तकं नव्हती. कोर्ट सुटलं की ती ग्रंथालयात येऊन बसायची, शेवटची गाडी गाठायच्या बेताने उठायची. महिनाभर तिने किती खंड नेले-आणले ते एकट्या भिकनला ठाऊक होतं.

"भिकनभाऊ, रजिस्टर द्या जरा."

भिकनने खळीचे हात पुसले, रजिस्टर उघडलं, आणि सवयीने पुठ्ठा पानावर ठेवून रिकामी ओळ फटीत आणली.

"पुस्तक नाही न्यायचं. पुठ्ठा काढा."

"जी?"

"प्रमिलाबाईंनी महिन्याभरात काय काय नेलं, बघायचंय. दोन मिनिटांचं काम."

पुठ्ठ्यावर भिकनचा डावा हात होता. तो त्याला एकदम जड वाटायला लागला.

"साहेब, ते... कुणाला दाखवत नाही ना आपण."

"कुणाला म्हणजे सभासदांना. मी अध्यक्ष आहे. मंडळाचं रजिस्टर अध्यक्षाला बघता येत नाही?"

प्रश्न बिनतोड होता. खरंच, का बघता येऊ नये? कपाटं मंडळाची, रजिस्टर मंडळाचं, आपण स्वतः मंडळाचे, आणि मंडळाचे अध्यक्ष समोर उभे. ज्यांनी आपल्याला खुर्चीवर बसवलं ते. रविवारी ज्यांच्या एका शब्दावर आपलं पुढचं सगळं आयुष्य आहे ते. छाजेडांच्या घरी तीन भिंती भरून पुस्तकं होती, त्यांची ओळ या रजिस्टरात महिन्यातून एखादी. प्रमिलाबाईंचं मात्र सगळं डोकंच या पानांत होतं. हे असं नीट जुळवून सांगता आलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण घाबरला की भिकनची मराठी पळून जायची आणि गावची बोली तेवढी उरायची.

"साहेब," तो कसाबसा म्हणाला, "तुमनी बी वळ शे त्यामा."

छाजेड थांबले. "काय?"

"तुमचीही ओळ आहे त्यात. मागच्या महिन्याची. तीबी मी कुणाला दाखवली नाही."

पंखा कुरकुरत होता. छाजेडांनी भिकनच्या हाताकडे पाहिलं. खळ सुकून बोटांवर पांढरी पापुद्री आली होती. पण हात पुठ्ठ्यावरून उचलला गेला नव्हता.

"ठीक आहे," छाजेड म्हणाले. कोट खांद्यावर टाकला आणि निघून गेले. पायऱ्यांवर त्यांची पावलं नेहमीपेक्षा जोरात वाजली.

संध्याकाळी घरी धुरपदाबाईने ताटात कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला. नवरा भाकरीकडे नुसता बघत बसलेला.

"काय व्हयनं?"

त्याने सांगितलं. सगळं.

"मंग तुम्ही हात का नही उचला?"

"काय म्हाईत. मना हातच उचलना नही."

धुरपदाबाई ठेच्यावर तेलाची धार सोडत म्हणाली, "नोकरी जावानी व्हई ते जाई. भाकर कसाले थंडी करतस?"

तो जेवला, पण चव कळली नाही. आपण अध्यक्षांचा अपमान केला का? की नियमाचं नाव पुढे करून आपण आपलाच हट्ट चालवला? नियम तरी कुठे होता? एक फायलीचा पुठ्ठा! पेटी उघडून त्याने चोवीस पत्रं काढली, परत ठेवली. पंचविसाव्यासाठी जागा होती.

बुधवारी छाजेड ग्रंथालयाकडे फिरकले नाहीत. गुरुवारी युक्तिवाद झाला. मगनने पुकारा झाल्याचं वकिलांना सांगायच्या निमित्ताने कोर्टाच्या दारातून डोकावून पाहिलं आणि येऊन सांगितलं, "भाऊ, बाई काय बोलली! एकामागून एक निवाडे. न्यायाधीश लिहिता लिहिता थकले. छाजेड साहेब पण जोरात होते, पण एकदा पाणी प्यायले." भिकनने खळीची वाटी झाकून ठेवली. त्याला आनंद व्हायला हवा होता का भीती वाटायला हवी होती, हेच त्याला ठरवता येईना.

छाजेडांचे ते तीन दिवस कसे गेले, हे भिकनला पुढे रविवारी कळलं. वकिलांच्या बारमध्ये कुणी शिंकलं तर संध्याकाळपर्यंत धुळ्याच्या आग्रा रोडवर "सर्दी झाली म्हणे" असं विचारणारे भेटतात. मंगळवारची गोष्ट बाहेर फुटणारच, अशी छाजेडांची खात्री होती. अध्यक्षाने समोरच्या बाईचं रजिस्टर चोरून बघायला मागितलं, आणि तेही कर्मचाऱ्यांवरचा तो कागद फलकावर लावून! म्हशीच्या मालकांना तर हे वर्षभर पुरलं असतं. बुधवारी बारमध्ये शिरताना त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला. कुणी डोळा मारला नाही. कुणी गप्प झालं नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही.

शुक्रवारी चहाच्या वेळी ते मुद्दाम प्रमिलाबाईंच्या टेबलाशी गेले. "बाई, काल छान मांडलंत. निकाल काय लागायचा तो लागो."

"तुमच्याकडे काय काय असेल या धास्तीनेच एवढं वाचलं," प्रमिलाबाई हसून म्हणाल्या. "खरं सांगू? सुरुवातीला मी भिकनभाऊंना विचारलंही होतं, की छाजेड साहेबांनी वहिवाटीवरचं काही नेलंय का. त्यांनी काही न बोलता माझ्यापुढे पुठ्ठा सरकवला. मला इतकी लाज वाटली! आठवडाभर त्यांच्याशी नजर मिळवली नाही मी."

छाजेडांचा कप बशीत जरा जोरातच टेकला. "आणि माझ्याबद्दल काही बोलले ते? या दोन-तीन दिवसांत?"

"भिकनभाऊ? ते कधी कुणाबद्दल बोलतात?"

रविवारी सभेला साठ-सत्तर वकील जमले. सत्तावीस खुर्च्या कधीच संपल्या. बाकीचे बाकांवर, खिडकीच्या कट्ट्यावर. भिकन आणि मगन दाराबाहेर व्हरांड्यात पाण्याचे तांबे घेऊन उभे होते. सभेत नोकरांनी आत थांबायचं नाही, हाही न लिहिलेलाच एक नियम. दार मात्र उकाड्याने उघडं होतं.

अहवाल झाला, नव्या पंख्यांचं झालं, आणि मग रतिलाल वकील उठले. "ग्रंथपालाचा विषय. व्यक्तीबद्दल माझी तक्रार नाही, भिकन सज्जन माणूस आहे. पण सज्जनपणावर सूची होत नाही. पदवीधर माणूस घ्या आणि जुनी मुदतवाढीची पद्धत वाटल्यास त्याला लावा."

बरेच जण माना हलवत होते. बाहेर भिकननेही नकळत हलवली. मगनने त्याला कोपर मारलं. "तुम्ही कुणाकडून आहात भाऊ?"

छाजेड उभे राहिले. नेहमी कागद न घेता बोलणारा माणूस, पण आज हातातला कागद उगाच उलटसुलट करत होता.

"सूचीचं रतिलालभाई बरोबर बोलतात," ते म्हणाले. "पण मुदतवाढीबद्दल मला एक साक्ष द्यायची आहे. साक्षीदारही मीच आणि आरोपीही मीच, तेव्हा उलटतपासणीला भरपूर वाव आहे."

हशा पिकला. बाहेर भिकनने तांब्या खाली ठेवला. त्याला वाटलं आत जाऊन साहेबांना थांबवावं. आपण कुणाला बोललो नाही ते काय यासाठी?

"मंगळवारी दुपारी मी ग्रंथालयात गेलो आणि भिकनभाऊंना पुठ्ठा उचलायला सांगितला. का, ते सगळ्यांना कळतंय. प्रमिलाबाईंनाही कळतंय. मी म्हटलं, मी अध्यक्ष आहे. भिकनभाऊंनी उचलला नाही."

म्हशीचे मालक तोंड उघडून बघत होते.

"फलकावर माझ्या सहीचा कागद आहे. मंडळाचे कर्मचारी मंडळाचे, कुणा एकाचे नाहीत. तो मी लिहिला. वाचला मात्र भिकनभाऊंनी." छाजेडांनी हातातल्या कागदाची घडी केली. "आता विचार करा. पाच दिवसांनी ज्याच्या सहीवर आपलं पोट आहे, त्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं. मी त्यांच्या जागी असतो तर उचलला असता पुठ्ठा. तुमच्यातले बहुतेक जण उचलतील. आणि हे त्यांनी पाच दिवसांत कुणाला सांगितलं नाही. मीच रोज तुमच्या तोंडांकडे बघत होतो, कुणाला कळलंय का म्हणून."

मागून कुणीतरी म्हणालं, "आता कळलं!" आणि पुन्हा हशा झाला, पण या वेळी त्यात कुचेष्टा नव्हती.

"म्हणून माझं म्हणणं दोन गोष्टींचं. एक, हा पुठ्ठ्याचा नियम मंडळाच्या नियमांत लिहा: अध्यक्षालाही उचलता येणार नाही, असा. दुसरं, भिकनभाऊंना कायम करा. त्यांच्यावर उपकार म्हणून नाही, आपल्यासाठी. जो माणूस दरवर्षी आपल्या एका सहीला टांगलेला असतो, त्याने आपल्याला नाही कसं म्हणावं? आणि नाही म्हणणारा माणूसच नसेल, तर त्या रजिस्टरात विश्वासाने ओळ कोण लिहील?"

रतिलाल वकील चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर उठले. "पुठ्ठ्याला माझं अनुमोदन. कायम करण्यालाही. पण सूची राहतेच."

"जळगावला उन्हाळ्यात ग्रंथालयाचे वर्ग चालतात," प्रमिलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "भिकनभाऊंना मंडळातर्फे पाठवा. पुस्तकं त्यांना पाठ आहेत, सूचीचे आकडे काय, महिन्याभरात येतील."

"एकावन्नाव्या वर्षी?" कुणीतरी विचारलं.

"मी तिशीत सनद घेतली, तेव्हाही हेच विचारत होते," बाई म्हणाल्या.

हात वर झाले. म्हशीच्या मालकांचा सगळ्यांत शेवटी, पण झाला. मगनने दारातूनच मोजले आणि व्हरांड्यात येऊन भिकनचा हात धरून हलवला. "भाऊ, झालात कायम! आता तर शाळेतबी जायचं!" भिकनच्या मनाला सगळ्यांत जास्त भिडलं ते एवढंच, की साहेबांनी सत्तर माणसांसमोर आपली ओळ आपणच उघडी केली. तो स्वतः अध्यक्ष असता तर त्याला हे जमलं नसतं, याची त्याला पूर्ण खात्री होती. आणि अशी खात्री त्याला फार थोड्या गोष्टींची असायची.

सोमवारी सकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून आला. छाजेड आधीच येऊन बसले होते. मगनने तीन कप ठेवले. भिकन खुर्चीवर बसला, आणि बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आज आपली पाठ खुर्चीच्या पाठीला टेकली आहे. त्याने ती तशीच राहू दिली.

"काय अडतं?" छाजेडांनी विचारलं.

"साहेब, पुठ्ठा झिजलाय," भिकन म्हणाला. "नवा कापावा लागेल."

"पितळेचा करून घेऊ तांबटाकडून. कायमचा."

भिकनने जरा विचार केला. एरवी तो "बरं साहेब" म्हणाला असता. "नको साहेब. पितळेने पानं फाटतील. पुठ्ठाच बरा. झिजला की नवा कापता येतो."

"अरे वा," छाजेड मगनकडे बघून म्हणाले, "कायम झाल्याबरोबर दुसऱ्यांदा नाही म्हणतायत."

"आता सवय करा साहेब," मगन म्हणाला.

छाजेडांनी टेबलाच्या खणातून पाकीट काढलं. पंचविसावं पत्र. त्यात मुदतीचा शब्द नव्हता. ते मिळाल्याची सही जावक वहीत हवी होती. त्यांनी वही उघडून भिकनपुढे फिरवली. पानावर वर रतिलाल वकिलांना गेलेलं काही होतं, कुणा सभासदाला दिलेली कसली समज होती. भिकन पेन घेऊन वाकला, आणि सवयीने त्याची नजर वरच्या ओळींवरून बाजूला झाली. पण तेवढ्यात छाजेडांचा रुंद तळहात त्या ओळींवर येऊन बसला होता. दुसरा तळहात खालच्या रिकाम्या जागेवर. मधे बरोबर एका ओळीची फट.

त्या फटीत भिकन सोनू बाविस्करने आपलं पूर्ण नाव लिहिलं. अक्षर जरा मोठं आलं. शेवटचा 'र' साहेबांच्या करंगळीवर गेला.

छाजेडांनी हात हलवला नाही. शाई वाळेपर्यंत ते तसेच बसले, आणि म्हणाले, "चहा घ्या भिकनभाऊ. थंड होतोय."